ई-लर्निंग आणताय? सॉफ्टवेअर सगळ्यात शेवटी घ्या

मुळशीकडच्या एका शाखेत गेलो होतो. चार माणसं, दोन काउंटर, बाहेर पायरीवर छत्र्या वाळत टाकलेल्या. आमच्या नोंदीप्रमाणे या शाखेचं ऑनलाइन प्रशिक्षण १०० टक्के पूर्ण होतं, म्हणून मी कौतुकाने विचारलं, "धडा कसा वाटला, मॅडम?" काउंटरवरच्या मॅडम जरा घुटमळल्या. मग म्हणाल्या, "सर, खरं सांगू का? मी तो लावून ठेवला आणि पासबुकं भरत बसले. संपला की 'पुढे' दाबायचं, तेवढं लक्ष ठेवलं."

खरं बोलल्या याबद्दल मी आजही त्यांचा ऋणी आहे. पासबुकं भरणं हे त्यांचं काम होतं. धडा बघणं हे कुणाच्याच कामाच्या यादीत नव्हतं. समोर रांग उभी असताना ४५ मिनिटांचं भाषण ऐकायला आम्ही त्यांना वेळ कुठला दिला होता? दिलाच नव्हता. सॉफ्टवेअर मात्र ऐटीत घेतलं होतं.

पुण्यातल्या एका पतसंस्थेचं प्रशिक्षणाचं काम मी बघतो. ओळखीपाळखीतून भोसरीतला एक छोटा कारखाना आणि कोथरूडमधली एक सेवाभावी संस्था यांनाही थोडीफार मदत केली. तिन्ही ठिकाणी सुरुवात एकाच वाक्याने झाली: "आम्हाला एलएमएस घ्यायचंय, कुठलं घेऊ?" एलएमएस म्हणजे ऑनलाइन धडे ठेवायचं आणि कुणी काय पूर्ण केलं याची नोंद करायचं सॉफ्टवेअर. खाली पायऱ्या दिल्यात, त्यात या प्रश्नाचा नंबर पाचवा आहे. तोवर कुठल्याही कंपनीला डेमोसाठी बोलावू नका. डेमो इतका गुळगुळीत असतो की तो बघितल्यावर आपली गरज आपोआप त्याच्या मापाची होते.

पायरी १: एकच दुखणं निवडा

आधी दप्तर काढा. लेखापरीक्षकांचे शेरे, तक्रार वही, कारखाना असेल तर रिजेक्शनचं रजिस्टर. वर्षभरात तीच ती चूक कुठली होतेय ते शोधा आणि त्यातली एक निवडा. "सर्व कर्मचाऱ्यांचा सर्वांगीण विकास" हे वार्षिक अहवालात छान दिसतं, त्यावर अभ्यासक्रम बनवता येत नाही.

मग स्वतःला विचारा: ही चूक माहिती नसल्यामुळे होतेय का? आमच्याकडे केवायसीची कागदपत्रं अपुरी असल्याचा शेरा सारखा यायचा. आम्ही त्यावर धडा लिहायला बसलो तेव्हा एका शाखाधिकाऱ्याने फॉर्मच समोर ठेवला. पत्त्याच्या पुराव्याची चौकट मागच्या पानावर, सहीच्या खाली. तिथे कोण बघणार? चौकट पुढच्या पानावर आणली आणि शेरे बरेच कमी झाले. धडा लिहिलाच नाही. सहा जणांचं काम चार जण करत असतील तर होणाऱ्या चुकाही धड्याने जात नाहीत, हे संचालक मंडळासमोर सांगायला जरा धीर लागतो.

दुसरी चाळणी अशी: जे हाताने करायचं ते पडद्यावर पूर्ण शिकवता येत नाही. सोनेतारण कर्जात किती टक्के रक्कम द्यायची, नूतनीकरण कधी, पावती कशी करायची, हे सगळं मोबाइलवर उत्तम शिकवता येतं. कसोटीच्या दगडावर सोनं घासून रेघ ओळखणं मात्र अनुभवी माणसाशेजारी बसूनच यावं लागतं. भोसरीच्या कारखान्यात व्हर्निअर कॅलिपर वाचायचा धडा आम्ही केला, पण त्याला जोडून सुपरवायझरसमोर पाच माप घेऊन दाखवायची अट ठेवली. अग्निशामक नळकांडं वापरायचं तर एकदा तरी हातात घ्यायलाच हवं. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाला प्रतिबंध करणाऱ्या २०१३ च्या कायद्याचंही तसंच आहे. कायदा काय सांगतो, तक्रार कुठे करायची, किती मुदतीत करायची, ही माहिती धड्यात द्या. पण अंतर्गत समितीच्या सदस्यांना लोकांनी प्रत्यक्ष भेटलेलं असावं. अनोळखी नावाकडे कुणी तक्रार घेऊन जात नाही.

आणि जे आयतं मिळतं ते बनवू नका. एक्सेल, इंग्रजी संभाषण, हिशेबाची मूलतत्त्वं यांवर केंद्र सरकारच्या स्वयम् पोर्टलसारख्या ठिकाणी अभ्यासक्रम आहेत. स्वयम् २०१७ पासून सुरू आहे. तुमची शक्ती फक्त तुमच्या संस्थेलाच ठाऊक असलेल्या गोष्टींवर खर्च करा.

पायरी २: माणूस नेमा, आणि त्याचं आधीचं काम थोडं काढून घ्या

पुण्यात २००१ साली स्थापन झालेल्या एमकेसीएलचा एमएस-सीआयटी कोर्स तुमच्या संस्थेतल्या निम्म्या लोकांनी केलेला असेल. तो आठवून बघा. धडा संगणकावर होता, पण ठरलेल्या वेळेची बॅच होती, आणि माउस हातातून निसटला की शेजारी येऊन उभी राहणारी एक व्यक्ती होती. महाराष्ट्रातल्या गावोगावच्या माणसांना संगणक आला तो या तिन्ही गोष्टी मिळून. आपण नंतर यातला फक्त संगणक उचलला आणि बाकीच्या दोन विसरलो.

म्हणून एक समन्वयक ठरवा. तो आयटीतला असलाच पाहिजे असं नाही, उलट नसला तर बरं. ज्याला शाखांमधून लोक अडल्यावर फोन करतात, अशी एक व्यक्ती प्रत्येक संस्थेत असते, ती. तिच्या कामाच्या आदेशात आठवड्याचे ठरावीक तास लेखी द्या आणि तेवढं जुनं काम दुसऱ्याकडे सोपवा. "आहे ते सांभाळून हेही बघा" असं तोंडी सांगितलं की मार्चएंडला पहिला बळी याच कामाचा जातो.

वरिष्ठांपैकी एकाने पहिला धडा स्वतः पूर्ण करावा. आमच्या व्यवस्थापकीय संचालकांनी परीक्षेत दहापैकी सहा मिळवले आणि ते सभेत हसत सांगितलं. त्या एका गोष्टीने जेवढी भीती गेली तेवढी माझ्या तीन परिपत्रकांनी गेली नव्हती.

पायरी ३: लोक जिथे बसून शिकणार ती जागा बघून या

मुख्य कार्यालयात फायबर, वातानुकूलन आणि प्रत्येकाला स्वतंत्र संगणक. तिथे बसून वेल्ह्याच्या शाखेचा अंदाज येत नाही. जाऊन बघा. संगणक किती, त्यांना स्पीकर आहे का, हेडफोन कुणी देणार का, मोबाइलला रेंज कुठल्या खिडकीत येते. एका शाखेत रेंज फक्त तिजोरीच्या खोलीबाहेरच्या बाकावर यायची. तो बाक आमचा वर्ग झाला.

डेटाचा हिशेब सोपा आहे आणि तो कागदावर मांडून ठेवा. १ एमबीपीएसने चालणारा व्हिडिओ मिनिटाला साडेसात एमबी खातो. सहा मिनिटांचा धडा म्हणजे ४५ एमबी. तोच धडा स्थिर चित्रं आणि आवाज अशा स्वरूपात केला तर काही एमबीत बसतो. नुसता आवाज ६४ केबीपीएसने ठेवला तर सहा मिनिटांना तीन एमबीसुद्धा पुरतात. कर्मचारी स्वतःच्या रिचार्जवर शिकणार असतील तर हा फरक त्यांच्या खिशातला आहे. एक तर धडे आधी उतरवून घ्यायची सोय द्या, नाहीतर रिचार्जचा भत्ता द्या.

वेळेचाही हिशेब मांडा. समजा १२० कर्मचारी आणि ४० मिनिटांचा अभ्यासक्रम. म्हणजे ८० तास, एका माणसाचे पूर्ण दहा दिवस. ते दहा दिवस कुठून तरी येणारच. कामाच्या वेळेतून द्यायचे की लोकांच्या झोपेतून घ्यायचे, हे आधी ठरवा. माझं मत पक्कं आहे: सक्तीचं प्रशिक्षण असेल तर ते कामाच्या वेळेत आणि पगारी. आमच्याकडे बुधवारी दुपारी तीन ते साडेतीन एक काउंटर बंद ठेवतो, तशी पाटी लावतो. पहिले दोन आठवडे सभासद कुरकुरले, नंतर तेच विचारू लागले, "आज शाळा का?"

कॅलेंडर पुण्याचं वापरा. पालखीच्या दिवसांत मार्गावरच्या शाखांना हात लावू नका. गणपतीच्या आधीचा पंधरवडा, दिवाळी, फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा काळ सोडून द्या. भोसरी-चाकण पट्ट्यात बऱ्याच कारखान्यांची सुट्टी गुरुवारी असते; गुरुवार ही शेवटची तारीख ठेवलीत तर बुधवारी दुसऱ्या पाळीनंतर सगळे एकदम लॉगिन करतील.

पायरी ४: मजकूर. इथेच खरी मेहनत आहे

बहुतेक संस्थांकडे प्रशिक्षणाच्या जुन्या पुस्तिका असतात. कुणीतरी म्हणतं, "हेच चढवून टाकू की." फाइल उघडा. मजकूर श्रीलिपी किंवा तसल्याच जुन्या पद्धतीच्या फाँटमध्ये टाइप केलेला असेल. अशा फाँटमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्या जागा वापरतात. फाँट आहे तोवर मराठी दिसतं. मोबाइलवर गेलं की इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. शोधता येत नाही, अंध सहकाऱ्याचा वाचक प्रोग्रॅम ते वाचू शकत नाही. म्हणून पहिलं काम म्हणजे सगळं युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही फोनवर-संगणकावर मराठी मराठीच दिसेल अशा पद्धतीत आणणं. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण ते फिरवल्यावर कुणीतरी मराठी नीट येणाऱ्याने ओळ न् ओळ वाचायलाच हवी. रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरं तुटतात, आकडे बदलतात. 'व्यापाऱ्यांना' हा शब्द 'व्यापार्यांना' असा हमखास होतो. व्याजदराच्या तक्त्यात १ चा ९ झाला तर ती नुसती शुद्धलेखनाची चूक राहत नाही.

नवीन टंकलेखन भारतीय भाषांसाठीच्या इन्स्क्रिप्ट कळफलकावर करा किंवा मोबाइलवर बोलून लिहा, पण युनिकोडच. आणि भाषा शाखेत बोलतात ती ठेवा. आमच्या पहिल्या धड्यात 'नामनिर्देशित व्यक्ती' होती; काउंटरवर सगळे 'नॉमिनी' म्हणतात. फॉर्मवर जो शब्द छापलाय तो एकदा दाखवा, बाकी बोलीतला वापरा.

आता व्हिडिओ. आमचा ४५ मिनिटांचा तो धडा म्हणजे एका सन्माननीय वक्त्यांचं बॅनरसमोरचं भाषण होतं. त्यातली पहिली नऊ मिनिटं सत्कार, प्रास्ताविक आणि सहकार चळवळीचा इतिहास. मी ते कागदावर उतरवून काढलं आणि प्रत्येक वाक्यापुढे लिहिलं: हे ऐकून काउंटरवरचा माणूस काय वेगळं करेल? ज्यापुढे काही लिहिता आलं नाही ते खोडलं. उरलं ते अकरा मिनिटांचं. त्याचे दोन तुकडे केले. दुखावलेल्या वक्त्यांना पूर्ण भाषण 'अधिक माहितीसाठी' म्हणून खाली ठेवल्याचं सांगितलं. ते तिथे आहे आणि आजवर ते कुणी उघडलेलं नाही.

आणखी एक सवय मोडा: पडद्यावर परिच्छेद लिहायचा आणि तोच आवाजात वाचून दाखवायचा. माणूस स्वतःच्या वेगाने वाचतो, आवाज त्याच्या वेगाने जातो, आणि दोन्ही डोक्यात आपटतात. रिचर्ड मेयर या मानसशास्त्रज्ञांनी यावर बरंच काम केलंय. चित्र किंवा फॉर्म पडद्यावर ठेवा, बोलायचं ते बोला, आणि ज्यांना हवी त्यांना उपशीर्षकं चालू करता येतील अशी सोय द्या. ज्यांना ऐकू कमी येतं त्यांच्यासाठी ती लागतातच, आणि गोंगाटात काम करणाऱ्या कारखान्यालाही.

आवाज मोबाइलवर उत्तम रेकॉर्ड होतो, चांगला कॉलर माइक लावला तर पुरेच. अडचण असते ती आवाजाच्या आजूबाजूची. आमचं कार्यालय पेठेत. गणपतीच्या आधी दीड-दोन महिने संध्याकाळी ढोल पथकांचा सराव, दिवसा रिक्षांचे हॉर्न. शेवटी जुन्या दप्तराची खोली सापडली. भिंतीभर फायलींचे गठ्ठे असल्यामुळे आवाज अजिबात घुमत नाही. सकाळी आठच्या आत तिथे रेकॉर्डिंग करतो. आवाज शक्यतो शाखेतल्याच कुणाचा तरी घ्या. जुन्नरच्या आमच्या एका रोखपालांचा आवाज आता सगळे ओळखतात.

प्रश्नांबद्दल जरा जास्त बोलतो, कारण धडा विसरला तरी प्रश्न लक्षात राहतो. 'केवायसीचे पूर्ण रूप काय?' हा प्रश्न कुणालाच काही शिकवत नाही. त्याऐवजी आम्ही हा घेतला:

सकाळची वेळ. एक आजी मुदत ठेव मोडायला आल्यात. सोबत नातू. पावतीवर नॉमिनी म्हणून नातवाचं नाव आहे. आजींना सही येत नाही, अंगठा देतात. नातू म्हणतो, "पैसे माझ्याच खात्यावर टाका, आजीला बँकेतलं काही कळत नाही." तुम्ही आधी काय कराल?
(अ) नॉमिनी तोच असल्यामुळे नातवाची सही घेऊन रक्कम त्याच्या खात्यावर वर्ग करणार.
(आ) नातवाला बाकावर बसायला सांगून आजींशी स्वतंत्र बोलणार.
(इ) शाखाधिकारी आल्यावर बघू, म्हणून उद्या यायला सांगणार.

उत्तर निवडल्यावर 'चूक' किंवा 'बरोबर' एवढंच दाखवू नका. (अ) निवडणाऱ्याला सांगा की नॉमिनीचा संबंध ठेवीदार गेल्यानंतर येतो. आजी समोर उभ्या असताना ठेव त्यांचीच. (इ) निवडणाऱ्याला सांगा की त्या कदाचित एसटीने दोन तास प्रवास करून आल्या असतील. या एका प्रश्नावर शाखांमध्ये जेवताना वाद झाले. मला हवं होतं ते हेच.

एक कबुली. आमच्या पहिल्या परीक्षेत बरोबर पर्याय कायम सगळ्यात लांब असायचा, कारण आम्ही तो काळजीपूर्वक लिहायचो आणि चुकीचे उरकायचो. आठवडाभरात हे गुपित सगळ्या शाखांत फिरलं.

पायरी ५: आता सॉफ्टवेअर

इथवर आलात म्हणजे तुमच्याकडे एक तयार धडा, एक प्रश्नसंच, एक समन्वयक आणि शाखांची खरी माहिती आहे. आता डेमो बघा, आणि कंपनीला तुमचाच धडा चढवून दाखवायला सांगा.

फुकट आणि मुक्त स्रोत हवं असेल तर मूडल हा जुना, भरवशाचा पर्याय. ऑस्ट्रेलियात मार्टिन डुगियामास यांनी ते सुरू केलं, पहिली आवृत्ती २००२ ची. मोबाइल ॲप आहे, धडे उतरवून इंटरनेटशिवाय बघता येतात. पण 'फुकट' म्हणजे परवाना फुकट. सर्व्हर, बॅकअप, सुरक्षा अद्ययावत करणं याचे पैसे आणि माणूस लागतोच. सर्व्हरचा जुना ठोकताळा असा की १ जीबी रॅममागे एका वेळी १० ते २० माणसं. नोंदणी १२० जणांची असली तरी एका वेळी किती येतात ते महत्त्वाचं. शेवटच्या तारखेला सगळेच येतात, म्हणून शाखांना वेगवेगळ्या तारखा द्या. सर्व्हर सांभाळणारा कुणी नसेल तर महिन्याच्या भाड्याचं तयार सॉफ्टवेअर घ्या. त्यात कमीपणा काहीच नाही.

भाड्याचं घेताना किंमत नोंदणी केलेल्या माणसांवर आहे की त्या महिन्यात प्रत्यक्ष आलेल्यांवर, हे विचारा. त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. धडे बाहेरून बनवून घेणार असाल तर नुसता तयार धडा घेऊ नका. त्याच्या मूळ, दुरुस्त करता येतील अशा फायलीही कराराने मागा. नाहीतर एक आकडा बदलायला दरवेळी कोटेशन येईल.

'स्कॉर्म' हा शब्द कानावर पडेल. तो एक ठरलेला साचा आहे, प्लग आणि सॉकेटसारखा: या साच्यातला धडा एका सॉफ्टवेअरमधून काढून दुसऱ्यात बसवता येतो, आणि कुणी पूर्ण केला, किती गुण मिळाले हे तो कळवतो. २००१ ची स्कॉर्म १.२ आवृत्ती अजूनही जवळपास सगळीकडे चालते. तुमचे धडे या साच्यात असावेत असं करारात लिहा. साधे परस्परसंवादी प्रश्न, मध्येच थांबून विचारणारे व्हिडिओ हे एच५पी या मुक्त साधनाने घरच्या घरी करता येतात.

हे एवढं का सांगतोय? एका संस्थेच्या कपाटात मी धड्यांच्या सीडींचा गठ्ठा पाहिलाय. सगळे धडे फ्लॅश या जुन्या तंत्रात बनवलेले. ३१ डिसेंबर २०२० ला फ्लॅश बंद झालं आणि त्या धड्यांची मूळ फाइल कुणाकडेच नव्हती.

डेमोत मराठीची परीक्षा घ्या. नुसतं 'मराठी सपोर्ट आहे' यावर विसंबू नका. तुमच्या कर्मचाऱ्यांची यादी चढवायला सांगा. यादीची साधी सीएसव्ही फाइल यूटीएफ-८ या युनिकोड प्रकारात जतन केली नसेल तर सगळी नावं प्रश्नचिन्हं होतात. एक्सेल कर्मचारी क्रमांकातलं सुरुवातीचं शून्य खाऊन टाकतं, ००४७ चा ४७ होतो आणि त्या माणसाला लॉगिनच करता येत नाही. मग 'किरण' नावाचं प्रमाणपत्र छापून बघा. बऱ्याच सॉफ्टवेअरच्या पीडीएफमध्ये ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे पडते आणि जोडाक्षरं सुटी होतात. आमच्याकडे अशी चाळीस प्रमाणपत्रं वाटली गेली. स्वतःचं नाव चुकलेला कागद कोण भिंतीवर लावणार? आता यादी काढून प्रमाणपत्रं वर्डमध्ये मेल मर्जने छापतो.

लॉगिनला ईमेल पत्ता नको. निम्म्या लोकांचा ईमेल मुलाने काढून दिलेला असतो आणि पासवर्ड मुलगा मुंबईला घेऊन गेलेला असतो. कर्मचारी क्रमांक बरा. नावावरून तर मुळीच नको. एकाच नावाआडनावाचे दोघे-तिघे प्रत्येक संस्थेत निघतात. ओटीपी किंवा आठवणीचे एसएमएस पाठवणार असाल तर दूरसंचार कंपन्यांकडची डीएलटी नोंदणी आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो, त्याला लागणारे दिवस वेळापत्रकात धरा.

माहितीच्या गोपनीयतेचं थोडक्यात: डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ चा आहे, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. लागते तेवढीच माहिती घ्या. धडा बघायला आधार क्रमांक लागत नाही. १८ वर्षांखालच्या मुलांना शिकवणारी संस्था असेल तर पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. वकिलाला आधी दाखवा. आणि परीक्षेचे गुण कोण बघणार, ते बढतीत धरणार की नाही, हे पहिल्याच दिवशी लेखी सांगा. सांगितलं नाही तर लोक धरणारच असं समजतात, आणि मग शेजारच्याचा मोबाइल बघून उत्तरं देतात.

पायरी ६: दोन शाखा, एक महिना

सगळीकडे एकदम सुरू करू नका. एक शहरातली आणि एक अडचणीची शाखा घ्या. पहिल्या दिवशी समन्वयकाने अडचणीच्या शाखेत जाऊन मागे उभं राहावं आणि तोंड बंद ठेवावं. हे फार अवघड असतं. माणूस चुकीचं बटण दाबतो, आपला हात शिवशिवतो. दाबू द्या, वहीत टिपा. आमच्या वहीत पहिल्या तासात चौदा नोंदी झाल्या, त्यातल्या नऊ लॉगिनच्या होत्या. एका काकांना 'सबमिट' म्हणजे काय ते कळलं नाही, म्हणून त्यांनी भरलेला पेपर तसाच बंद केला. आता त्या बटणावर 'पेपर जमा करा' असं आहे.

मदतीसाठी व्हॉट्सॲप गट चालेल, पण तिथे उत्तर देण्याची वेळ ठरवा. नाहीतर रात्री साडेदहाला 'पासवर्ड विसरलो' आणि खाली सुप्रभातची फुलं. बॅकअप नुसता घेऊ नका, एकदा परत बसवूनही बघा.

मोजायचं काय

'पूर्ण केले: १००%' या आकड्यावर माझा विश्वास का उडालाय ते वर आलंच आहे. डोनाल्ड कर्कपॅट्रिक या प्रशिक्षणतज्ज्ञांनी १९५९ मध्ये प्रशिक्षण मोजायच्या चार पातळ्या मांडल्या: लोकांना कसं वाटलं, काय शिकले, कामात काय बदललं, आणि संस्थेला काय फळ मिळालं. आपण पहिल्या दोनवर थांबतो, कारण त्या सॉफ्टवेअर आपोआप देतं. तिसरीसाठी उठून जावं लागतं. आम्ही सोनेतारणाच्या धड्यानंतर दोन महिन्यांनी प्रत्येक शाखेतल्या शेवटच्या दहा फायली उघडून बघितल्या. पहिल्या पायरीत निवडलेली चूक तिथे आहे की नाही, एवढंच. त्यासाठी धड्याआधीच्या दहा फायलीही बघून ठेवाव्या लागतात, हे बहुतेकांना नंतर सुचतं.

शिकलेलं विसरतंच. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. म्हणून धड्यानंतर तीन दिवसांनी आणि मग तीन आठवड्यांनी तीन-तीन प्रश्न मोबाइलवर पाठवा. दोन मिनिटांचं काम.

आणि प्रत्येक धड्याच्या शेवटी लहान अक्षरांत लिहा: शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कुणी केली. व्याजदर बदलला, फॉर्म बदलला, कायदा बदलला की तो धडा कुणी उतरवायचा हे त्यावरून ठरतं. आमचंच सांगतो. ठेवींचे दर बदलल्याचं परिपत्रक निघालं आणि धडा तसाच राहिला. चौथ्या दिवशी सकाळी मुळशीच्या शाखेतून फोन आला, त्याच मॅडमचा. "सर, दुसऱ्या भागात तिसऱ्या मिनिटाला जुना दर सांगितलाय. मी आमच्या दोघांना आत्ताच सांगून ठेवलंय, पण बाकीच्या शाखांचं काय?" धडा त्या दुपारी उतरवला. जुन्नरच्या रोखपालांना फोन केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला दप्तराच्या खोलीत नवीन आवाज भरला.